लैंगिक अत्याचार कोणावर झाला, यावर कायदा काय काय ठरवतो

३० जून २०२४ च्या रात्री एखाद्या प्रौढ पुरुषावर दुसऱ्या पुरुषाने बळजबरीने लैंगिक अत्याचार केला असता, तर पोलिसांच्या हाती भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ होतं. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. हीच घटना १ जुलैच्या रात्री घडली असती, तर लावायला तसं कलमच नव्हतं. त्या दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ३७७ सारखं काहीही नाही.

३७७ गेलं याचा ज्यांना आनंद झाला त्यांचंही चूक नाही. समलिंगी माणसांना धमकावायला, त्यांच्याकडून पैसे उकळायला या कलमाचा पिढ्यान् पिढ्या उपयोग झाला. पण त्याचा तो दात ६ सप्टेंबर २०१८ रोजीच पाडला गेला होता. नवतेज सिंग जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की दोन प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. त्याच निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं होतं की संमती नसेल किंवा समोर अल्पवयीन व्यक्ती वा प्राणी असेल, तर ३७७ लागूच राहील. नव्या संहितेने हा शिल्लक, गरजेचा भागसुद्धा काढून टाकला. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ठेवायला सुचवलं होतं, ते मान्य झालं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्राला यावर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कायदा करणं हे संसदेचं काम आहे, असं म्हणून याचिका ऐकायला नकार दिला.

आता संहितेत काय आहे ते पाहू. कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे. तिथे आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री, दोन्ही शब्दांत नमूद आहेत. कलम ६४ प्रमाणे किमान शिक्षा दहा वर्षं. कलम ७४ (विनयभंग), ७५ (लैंगिक छळ), ७६ (विवस्त्र करणं), ७७ (चोरून पाहणं वा चित्रण करणं), ७८ (पाठलाग) आणि ७९ (अश्लील शब्द वा हावभाव), या सगळ्यांत पीडित स्त्रीच आहे. आरोपीच्या बाबतीत मात्र थोडा फरक झाला. ७६ आणि ७७ मध्ये पूर्वी ‘पुरुष’ होता, आता ‘जो कोणी’ आहे. म्हणजे भाडेकरू मुलीच्या न्हाणीघरात छुपा कॅमेरा लावणारी घरमालकीणही आता आरोपी होऊ शकते. तिथेच भाडेकरू मुलगा असेल तर ७७ लागत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई कडे जावं लागतं. त्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

या विषयावरची चर्चा बहुधा शिक्षेच्या वर्षांवर अडकते. पुरुषाला मारहाणीचं कलम लावता येतंच ना, मग बिघडलं कुठे, असं विचारलं जातं. बरंच बिघडतं, कारण गेल्या काही दशकांत लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी जी संरक्षणं मिळवली गेली, ती कायद्यात कलमांच्या आकड्यांना बांधलेली आहेत. न्याय संहितेतले ६४ ते ७१ हे बलात्कार आणि तत्सम गुन्ह्यांचे आकडे कागदावर आले की ती आपोआप लागू होतात. ते आले नाहीत, तर एकही मिळत नाही.

पीडितेचं नाव छापणं किंवा उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मारहाणीच्या फिर्यादीतल्या पुरुषाचं नाव, गाव, नोकरी उद्याच्या पेपरात आली तर हे कलम त्याच्या कामाचं नाही. तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तात्काळ मोफत उपचार करायचे असतात आणि टाळाटाळ हा स्वतंत्र गुन्हा आहे. तिथेही तेच आकडे आहेत. कलम १९३ प्रमाणे तपास दोन महिन्यांत पुरा करायचा. कलम ३६६ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड. साक्ष अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे पीडितेचे आधीचे लैंगिक संबंध संमतीचा पुरावा म्हणून उकरून काढता येत नाहीत. ज्या पोलिसाने अशी फिर्याद नोंदवली नाही त्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. पुरुषाची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसाला या कलमाची भीती नाही. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजनाही महिला आणि बालकांसाठीच आहे.

उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील एखाद्या समलिंगी पुरुषाला त्याचे आजवर किती जोडीदार होते, हे भर न्यायालयात विचारू शकतो, आणि कलम ४८ चा आक्षेप घ्यायला त्याच्या बाजूचा वकील उठू शकत नाही. या एका फरकापोटी कितीतरी माणसं ठाण्याची पायरी चढत नसतील.

प्रौढ पुरुषासाठी उरलेली कलमं कोणती? पहिलं ११५(२), साधी दुखापत. शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार वहीत एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतो, तिची प्रत हातात देतो आणि दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. शिवाय अशा गुन्ह्याला एक वर्षाची मुदत आहे. बरेच पुरुष धक्क्यातून सावरून कोणाला तरी सांगायला लागतात, तोवर ती उलटून जाते. एन.सी. लिहिली आहे, म्हणून निर्धास्त बसणं हीच इथली सर्वांत सर्रास होणारी गफलत.

दुसरं ११७(२), गंभीर दुखापत, सात वर्षांपर्यंत. हाड मोडणं, दात पडणं, पुरुषत्व नष्ट करणं यांबरोबरच पंधरा दिवस तीव्र शारीरिक वेदना होणं किंवा तितके दिवस रोजचे व्यवहार करता न येणं, हेही कलम ११६ च्या व्याख्येत बसतं. जुन्या संहितेत हे वीस दिवस होते. त्यामुळे डॉक्टरच्या कागदावर ‘विश्रांती’ इतकंच लिहिलेलं असणं आणि किती दिवस काय करता आलं नाही हे लिहिलेलं असणं, यावर गुन्ह्याचं स्वरूप बदलतं.

तिसरं, आणि वकिलांच्याही नजरेतून निसटणारं, कलम १४०(४). कोणाही व्यक्तीला गंभीर दुखापत, गुलामगिरी किंवा कोणाची ‘अनैसर्गिक वासना’ यांसाठी पळवून नेणं, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. अपहरणाला नेहमी जबरदस्तीच लागते असं नाही, फसवून एका जागेवरून दुसरीकडे जायला लावणंही त्यात येतं. डेटिंग ॲपवर खोट्या ओळखीने बोलावून, तिथून दुसऱ्या खोलीवर नेऊन अत्याचार केला असेल, तर हे कलम लावण्याचा आग्रह धरायला जागा आहे.

इथे कायद्याची एक गंमत, किंवा शोकांतिका म्हणा. स्वसंरक्षणाच्या कलम ३८ मध्ये, ‘अनैसर्गिक वासना’ भागवण्यासाठी हल्ला झाला तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाण्याचा हक्क जशाच्या तसा ठेवला आहे. त्या हल्ल्यात माणूस स्वतःला वाचवू शकला नाही, तर हल्लेखोराला त्या कृत्याबद्दल शिक्षा देणारं कलम मात्र नाही. संहितेचा मसुदा करताना एका पानावरून ३७७ खोडलं, पण बाकीच्या पानांवर त्याचे धागे राहून गेले.

तृतीयपंथी आणि पारलिंगी (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) व्यक्तींची गोष्ट वेगळ्या तऱ्हेने अडते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. न्याय संहितेच्या कलम २(१०) मध्ये ‘तो’ या सर्वनामात तृतीयपंथी व्यक्तीही येते असं लिहिलं आहे. हे वाचून अनेकांना वाटलं की प्रश्न सुटला. सुटलेला नाही. ‘स्त्री’ची व्याख्या कलम २(३५) मध्ये वेगळी आहे, आणि तिथे पारलिंगी स्त्रीचा उल्लेख नाही. बलात्काराच्या कलमात पीडितेसाठी सर्वनाम नसून ‘स्त्री’ हाच शब्द आहे.

संसदेने २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला, तेव्हा कलम १८(ड) मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक अत्याचार एकाच ओळीत बसवले आणि सर्वांना मिळून शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. त्याच कृत्यासाठी स्त्री पीडित असेल तर किमान दहा वर्षं, तृतीयपंथी व्यक्ती असेल तर कमाल दोन. विशेष कायद्यातला गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल आणि त्या कायद्यात वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला जातो. म्हणजे संरक्षणासाठी केलेल्या कायद्याची तक्रारही एन.सी.च्या वहीत जाऊन पडते.

न्यायालयांनी वाट थोडीफार मोकळी केली आहे. दिल्लीत २०१८ मध्ये एका पारलिंगी विद्यार्थिनीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यावर पोलिसांनी स्त्रियांच्या लैंगिक छळाचं कलम लावलं. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी, शस्त्रक्रियेनंतर स्त्री झालेली पारलिंगी व्यक्ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते, असं ठरवलं. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नवऱ्याकडून होणाऱ्या क्रूरतेच्या कलमाबाबत तसंच म्हटलं. पारलिंगी पुरुषाची अडचण याच्या उलट आहे. जन्माच्या नोंदीत ‘स्त्री’ असल्याचं पुढे करून त्याला कलम ६३ मिळू शकेल कदाचित, पण त्यासाठी जी ओळख सिद्ध करायला आयुष्य घालवलं तीच ठाण्यात नाकारावी लागेल.

पत्नीचं काय? कलम ६३ च्या दुसऱ्या अपवादाप्रमाणे अठरा वर्षांवरच्या पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. या अपवादावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ११ मे २०२२ रोजी परस्परविरोधी निकाल दिले आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ३७७ होतं तोवर काही बायका अनैसर्गिक संभोगासाठी त्याचा आधार घेत होत्या, तोही आता गेला. त्यांच्यापुढे कलम ८५ (क्रूरता, तीन वर्षांपर्यंत) आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हे दोन मार्ग आहेत. दुसऱ्या कायद्यात लैंगिक अत्याचार स्पष्ट शब्दांत आहे, आणि संरक्षण आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्च अशा गोष्टी मागता येतात. नवरा आणि बायको वेगळे राहत असतील तर न्याय संहितेचं कलम ६७ आहे, दोन ते सात वर्षं.

अठरा वर्षांखालच्यांसाठी पॉक्सो, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा आहे, आणि तिथे हा सगळा घोळ नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या या कायद्यात पीडित ‘बालक’ आहे आणि आरोपी ‘व्यक्ती’. मुलगा, मुलगी, तृतीयपंथी मूल, सारखंच संरक्षण. माहिती असूनही कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे शाळा आणि वसतिगृह चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्रीच असू शकते. ज्याच्याविरुद्ध तक्रार ती व्यक्ती मात्र कोणत्याही लिंगाची चालते, आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते मान्य केलं. विद्यापीठं आणि महाविद्यालयं इथे पुढे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे महाविद्यालयातल्या मुलाला अंतर्गत समितीने ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं सांगून परत पाठवू नये.

आज कोणावर असा प्रसंग आला तर काय करावं?

आधी दवाखाना, मग ठाणं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना स्त्री, पुरुष, तृतीयपंथी सर्वांच्या वैद्यकीय तपासणीला लागू आहेत, त्यांचा उल्लेख करून तपासणी मागता येते. एम.एल.सी. (पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयात होणारी वैद्यकीय-कायदेशीर नोंद) नोंदवायला सांगावं. शक्य असेल तर त्याआधी आंघोळ करू नये. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, आणि प्लास्टिकमध्ये न ठेवता कागदी पिशवीत ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तक्रार करायची की नाही हे ठरलं नसलं तरी हे थांबवू नये.

फिर्याद लिहिताना कलम सुचवण्यापेक्षा घटना बारकाईने सांगावी, कारण कलमं घटनेतूनच निघतात. खोलीत कोंडलं का, किती वेळ? वाट अडवली का? हत्यार दाखवलं का? फोनवर चित्रण केलं का? पैसे मागितले का? फसवून कुठून कुठे नेलं? यातलं प्रत्येक उत्तर वेगळं कलम उघडतं. कोंडून ठेवणं (१२७) आणि अडवणं (१२६) यांची शिक्षा छोटी असली तरी ते दखलपात्र आहेत. खंडणी (३०८) दखलपात्र आणि अजामीनपात्र, सात वर्षांपर्यंत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) प्रमाणे एकाच प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असेल, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. फक्त ११५(२) लिहून एन.सी. हातात देणाऱ्या अंमलदाराला दाखवावं ते हेच कलम. तृतीयपंथी तक्रारदारालाही १८(ड) च्या जोडीला असं एखादं कलम जोडून घेता येतं.

घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. नोंदवून घेतली नाही तर कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा, तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जावं. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर जुनी दंड संहिता लागते आणि ३७७ ही मागता येतं. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना बहुतेक वेळा आहे. समलिंगी पुरुषाला ‘तुझ्यावरच केस होईल’ अशी धमकी कोणी दिली, तर प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांबद्दल २०१८ पासून कुणावर केस होऊ शकत नाही. चॅट मात्र पुसून टाकू नये, खंडणीच्या गुन्ह्यात तोच पुरावा असतो.

उरतो तो मोठा वाद, कायदा लिंगनिरपेक्ष असावा का. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(३) मुळे स्त्रियांसाठी विशेष तरतूद करता येते, आणि १९५४ मध्ये मुंबई राज्यातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर व्यभिचाराचं, फक्त पुरुषाला शिक्षा देणारं एकतर्फी कलम टिकवलं होतं. २७ सप्टेंबर २०१८ रोजी तेच कलम रद्द झालं. तेव्हा १५(३) चं नाव घेतलं की प्रश्न संपला, असं होत नाही.

इथे दोन प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पीडित कोणीही असू शकेल का, हा एक. आरोपी कोणीही असू शकेल का, हा दुसरा. विधी आयोगाच्या १७२ व्या अहवालाने २००० मध्ये दोन्हींना होकार दिला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये पहिल्याला होकार दिला आणि आरोपी मात्र पुरुषच ठेवला. पुढच्याच महिन्यातल्या वटहुकुमाने पुन्हा दोन्ही बाजू मोकळ्या केल्या. स्त्री संघटनांनी आक्षेप घेतला की बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईवर आरोपी उलटी बलात्काराचीच तक्रार ठोकेल. आक्षेप रास्त होता. भारतातल्या ठाण्यांत उलट्या तक्रारी हा नित्याचा डाव आहे. पण तो दुसऱ्या प्रश्नापुरता होता. २०१३ चा कायदा संमत करताना संसदेने पहिला प्रश्नही त्यासोबत बाद केला, आणि २०२३ मध्ये ती चूक सुधारण्याची संधी आली तेव्हा होतं तेही काढलं.

इंग्लंडने हे दोन प्रश्न वेगळे ठेवले. १९९४ पासून तिथे पुरुषही बलात्कारपीडित ठरू शकतो. २००३ च्या कायद्यात बलात्काराचा मुख्य आरोपी पुरुषच असला, तरी इतर वस्तूंनी वा अवयवांनी केलेला अत्याचार आणि कोणाला संमतीशिवाय लैंगिक कृती करायला लावणं, यांसाठी वेगळी कलमं आहेत आणि त्यांत स्त्रीही आरोपी असू शकते. भारतात पहिलं पाऊल म्हणून वर्मा समितीची वाट पुरेशी वाटते. पीडिताच्या जागी ‘व्यक्ती’ आणावी, आरोपीच्या बाजूला तूर्त हात लावू नये. स्त्रियांच्या आजच्या संरक्षणातलं त्याने काहीही कमी होत नाही.

मात्र नुसतं कलम ६३ बदलून भागणार नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये महिला अधिकाऱ्याने फिर्याद घेण्याची तरतूद फक्त स्त्रीसाठी आहे, तिथे पीडिताला हव्या त्या लिंगाचा अधिकारी मागता यावा. कलम १८४ ची वैद्यकीय तपासणी ‘स्त्री’ची आहे. तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यातलं १८(ड) तसंच राहिलं, तर बचाव पक्ष दहा वर्षांच्या कलमाऐवजी दोन वर्षांचं विशेष कलमच लागू होतं असा युक्तिवाद करणार. त्यामुळे त्यातून लैंगिक अत्याचार हा शब्द काढून तो गुन्हा न्याय संहितेकडे वळवावा लागेल.